रात्री सव्वादोनचा गजर : प्रकल्प नोंदी

कामाचे नाव : झोपेत येणाऱ्या डोकेदुखीचा शोध व बंदोबस्त.
ठिकाण : राहते घर, सातारा.
मुदत : ठरलेली नाही. निधी : पेन्शन.

६ जून २०२३

पाटबंधारे खात्यात ३४ वर्षं काढली. त्यातली निम्मी धरणाच्या गॅलरीतला, म्हणजे भिंतीच्या पोटातल्या बोगद्यातला, पाझर मोजण्यात गेली. व्ही-नॉचवरून, म्हणजे व्ही आकाराच्या खाचेवरून, पाणी किती सेंटिमीटर चढलं ते रोज लिहायचं, साहेब विचारोत न विचारोत. आता धरण नाही, पण वही आहे. म्हणून आजपासून डोक्याचं मोजमाप पुस्तक.

फेब्रुवारीपासून रात्री डोकं दुखून जाग येते. झोपताना काही नसतं. गाढ झोपेतून कोणी खांदा धरून हलवावं तसा उठतो आणि मग कळतं की डोकं दुखतंय. दोन्ही बाजूंनी, लग्नातला फेटा चार माप घट्ट बांधल्यासारखं. ठणका नाही. आडवा पडून राहिलो तर वाढतं, उठून बसलो किंवा ओसरीवर उभा राहिलो तर बरं वाटतं. तासाभरात ओसरतं. सकाळी दूध आणायला जाताना माणूस ठणठणीत! दिवसा एकदाही दुखत नाही, यावर घरात कोणाचा विश्वास बसेना.

बायकोचं, सुमनचं, म्हणणं पित्त. शेजारच्या काकांचं म्हणणं मान. चष्म्याच्या दुकानात म्हणाले नंबर वाढलाय. तिघांचंही ऐकून झालं. मोरावळ्याची बरणी संपली. मानेच्या एक्स-रेत झीज निघाली, ती साठीनंतर कोणाच्याही मानेत निघते. नवा चष्मा आला. पण रात्री सव्वादोनला चष्मा नाकावर नसतो, डबीत असतो, हे पैसे दिल्यावर लक्षात आलं.

वहीत रकाने आखले : झोपलो किती वाजता, जाग किती वाजता, किती वेळ दुखलं, कुठे, डोळ्यात पाणी किंवा नाक बंद आहे का, रात्रीचं जेवण, गोळी.

२४ जून

१७ रात्रींचा गोषवारा. १३ रात्री जाग आली, चार रात्री सरळ झोप. एका रात्री दोनदा, २:१० आणि परत ४:५० ला. बाकी सगळ्या वेळा १:५० ते २:४० मध्ये, त्यातल्या आठ २:१० ते २:२५ च्या पट्ट्यात. एवढी नियमित वेळ आमच्या डेपोची गाडीसुद्धा पाळत नाही.

जेवणाशी संबंध दिसत नाही. मटण खाल्लं त्या रात्री शांत झोपलो, मुगाची खिचडी खाल्ली त्या रात्री दुखलं. पित्ताचं पारडं हलकं झालं. सुमनला अजून मान्य नाही.

गोळ्या नऊ रात्री घेतल्या. साधी पॅरासिटामॉल चार वेळा : दुखणं सव्वा ते पावणेदोन तास, म्हणजे घेतली काय न घेतली काय. मेडिकलवाल्याने दिलेली ती दुसरी, डोकेदुखीची म्हणून मिळते ती, पाच वेळा : २५ ते ३५ मिनिटांत बरं. फरक मोठा आहे. कारण कळत नाही. नोंद करून ठेवतो.

२९ जून, आषाढी

उपवास. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, दिवसभर पित्ताला आमंत्रण. जाग २:१५ ला, एक तास. नेहमीइतकंच.

५ जुलै

हे गोषवाऱ्यात मावत नाही म्हणून वेगळं लिहितो. रात्री नऊ वाजले की पोटात गोळा येतो. झोपायचं म्हणजे त्याच्या तावडीत स्वतःहून जायचं. काल मुद्दाम साडेअकरापर्यंत टीव्ही बघत बसलो. सुमन दोनदा येऊन गेली, काही बोलली नाही. तिचीही झोप मोडते. मी उठलो की ती कुशीवर वळते आणि विचारते, "आलं का?" जणू पाहुणा यायचा होता.

घरच्या डॉक्टरांनी ॲसिडिटीची गोळी वाढवली आणि म्हणाले, रिटायर झाल्यावर असं होतं, मन रमवा. मन रमवायला माझी ना नाही. पण ते बरोबर सव्वादोनलाच कसं बिघडतं?

नेहाने पुण्यात न्यूरोलॉजिस्टची वेळ घेतली आहे.

११ जुलै

पुणे. पहाटेची एसटी, दुपारी बाराची वेळ, नंबर दीडला. डॉक्टरबाई तरुण आहेत. मी बोलायला लागलो तर त्यांनी हात करून थांबवलं आणि वही मागितली. पाच मिनिटं पानं चाळली.

"काका, हे तुम्ही रात्री उठून लिहिता?"

"हो. घड्याळ बघून."

"असं कोणी आणत नाही हो. लोक सांगतात, रात्री कधीतरी दुखतं."

मग प्रश्नांची सरबत्ती. डोळा लाल होतो का, पाणी येतं का, एकच नाकपुडी चोंदते का, दुखताना येरझाऱ्या घालता का, भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं का? नाही. वहीत तो रकाना कोरा आहे. हे क्लस्टर डोकेदुखीसाठी विचारलं, तीही झोपेतून उठवते, पण एका डोळ्याभोवती, जीवघेणी, आणि माणसाला एका जागी बसू देत नाही. पुढे : चावताना जबडा दुखतो का, कानशिलावरची शीर दाबली तर दुखते का, नजर अंधुक होते का? पन्नाशीनंतर कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज येण्याचा एक आजार असतो, त्यात दृष्टी जाऊ शकते, म्हणून ईएसआर, म्हणजे अंगातली सूज दाखवणारी रक्ताची तपासणी, आजच करायची.

"घोरतात का?" हा प्रश्न माझ्याकडे न बघता सुमनला.

"घोरतात? कऱ्हाडपर्यंत ऐकू जाईल."

शेवटी गोळ्या. मी दोन्ही पाकिटं नेली होती. बाईंनी त्या दुसऱ्या गोळीची पट्टी उलटी केली, बारीक अक्षरं वाचली आणि मला वाचायला दिली. त्यात पॅरासिटामॉलच्या जोडीला कॅफिन (कॉफीत असतं ते), ५० मिलिग्रॅम. माझे ते पाच रकाने त्यांनी पेन्सिलने गोल केले. म्हणाल्या, एका नावाची शंका येतेय, पण ते आत्ता सांगणार नाही, आधी बाकीचं वगळू. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेल्या डोकेदुखीला आत बघितल्याशिवाय नाव द्यायचं नसतं.

आणि ती गोळी बंद. अशा मिश्र गोळ्या महिन्यातून दहा किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांवर गेल्या की गोळीच डोकेदुखी निर्माण करते. माझी सरासरी काठावर होती.

१४ जुलै

एमआरआय. साइटवरचा ब्रेकर कानाशी लावल्यासारखा आवाज, अर्धा तास. ईएसआर १८, वयाला ठीक.

१९ जुलै

एमआरआयमध्ये गाठ वगैरे काही नाही. हे वाचल्यावर सुमन देवघरात गेली. मी बाहेर अंगणात जाऊन उगाचच नळाची चावी घट्ट केली.

२६ जुलै

२४ तासांचा बीपी पट्टा. दिवसा दर २० मिनिटांनी, रात्री अर्ध्या तासाने दंड आवळतो. रात्री त्यानेच तीनदा उठवलं. तरी खरं दुखणं आलंच, २:२० ला, आणि पट्टा तेव्हा बांधलेला होता हे नशीब. त्या वेळचं मोजमाप १३८/८४. दुखताना एवढं असणारच, बाईंच्या मते हे दुखण्याचं कारण नाही. रक्तदाबाची गोळी गेली सात वर्षं चालू आहे, टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइडची जोडगोळी. (नंतरची भर : ही जोडगोळी पुढे आडवी येणार आहे हे तेव्हा माहीत नव्हतं.)

४ ऑगस्ट

स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभर झोपेची तपासणी. डोक्याला, छातीला, पायाला तारा, नाकाखाली नळी, बोटाला चिमटा. अशा अवस्थेत झोप लागायला साडेबारा वाजले. जाग ३:५० ला, दुखण्यासकट. तंत्रज्ञ मुलगा धावत आला, त्याला वाटलं तार निघाली. मी म्हटलं, बाळा, वेळ लिही.

घरी २:१५, इथे ३:५०. झोप उशिरा, तर दुखणंही उशिरा. वही काढून सगळ्या रात्रींचं अंतर काढलं : झोपल्यापासून तीन तास दहा मिनिटं ते पावणेचार तास. आतापर्यंत मी चुकीचा रकाना बघत होतो.

९ ऑगस्ट

अहवाल : तासाला ११ वेळा श्वास अडतो. पाच ते पंधरा म्हणजे सौम्य. प्राणवायू फार खाली जात नाही. उताणं झोपल्यावर जास्त अडतो, म्हणून कुशीवर झोपायची सवय करायची. सुमनने जुन्या बनियनला पाठीवर खिसा शिवला आणि त्यात नातवाचा रबरी चेंडू घातला. उताणा झालो की चेंडू टोचतो. घोरणं निम्म्यावर आलं असं ती सांगते, मला काय कळणार. डोकेदुखी मात्र जशीच्या तशी. दोन आठवडे बघायला सांगितलंय.

२२ ऑगस्ट

आज नाव मिळालं. हिप्निक हेडेक. बोलीभाषेत अलार्म क्लॉक हेडेक, गजराची डोकेदुखी.

बाईंनी कागदावर निकष लिहून दिले. फक्त झोपेतच सुरू होणारी आणि झोपेतून उठवणारी. महिन्यातून दहा किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांच्या वर. जाग आल्यावर १५ मिनिटं ते चार तास टिकणारी. डोळ्यात पाणी, नाक चोंदणं, अस्वस्थ येरझाऱ्या यांपैकी काही नाही. आणि दुसरं कारण सापडत नाही. डोकेदुखीचं जे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण आहे त्याच्या २०१८ च्या तिसऱ्या आवृत्तीत हे असंच आहे म्हणे. माझी वही या कागदाशेजारी ठेवली तर टेंडर आणि बिल जुळावं तशी जुळली.

पहिल्यांदा हे लिहिलं नील रॅस्किन या अमेरिकन डॉक्टरांनी, १९८८ मध्ये, अवघ्या सहा रुग्णांवरून. म्हणजे मी नोकरीला लागलो तेव्हा या दुखण्याला नावसुद्धा नव्हतं. बहुतेकांना पन्नाशीनंतर सुरू होतं, बायकांना जास्त. सुरुवातीला वाटायचं की स्वप्नं पडतात त्या झोपेतच हे येतं, पण पुढे झोपेच्या दुसऱ्या टप्प्यांतूनही येताना दिसलं. माझं त्या तारांच्या रात्री स्वप्नाच्या झोपेत आलेलं नव्हतं. कारण पक्कं कोणी सांगत नाही. संशय हायपोथॅलॅमसवर आहे, मेंदूच्या तळाशी बदामाएवढा भाग, शरीराचं घड्याळ तिथे. जर्मनीतल्या एका पाहणीत अशा रुग्णांच्या त्या भागाच्या मागच्या बाजूला करड्या द्रव्याचं (ग्रे मॅटर) आकारमान कमी दिसलं. थोड्या लोकांची पाहणी आहे, त्यावर मी धरण बांधणार नाही.

"जिवाला धोका?" सुमनने विचारलं.

"नाही. झोपेला आहे."

आणि उपाय काय, तर झोपताना कडक कॉफी. मी बाईंच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यांनी ते पेन्सिलचे गोल परत दाखवले. तुमच्या वहीत हे जूनपासूनच लिहिलेलं आहे, काका.

३१ ऑगस्ट

कॉफी प्रयोग, पहिली फेरी : आठ रात्री, सहा वेळा दुखलं. फसला.

सुमनच्या माहेरी कळल्यावर मेहुणीचा फोन, "भावजींना रात्री कॉफी देतेस? झोपतील कसे?" झोप मात्र लागत होती. दहा मिनिटांत. हेच विचित्र. या दुखण्याच्या बहुतेक लोकांची झोप कॉफीने उडत नाही असं बाई म्हणाल्या होत्या, ते खरं निघालं. पण दुखणं का थांबेना?

आज स्वयंपाकघरात उभा राहून सुमन कॉफी कशी करते ते बघितलं. पेलाभर दूध, दोन चमचे साखर, उकळी, मग पाव चमचा कॉफी आणि किसणीवर जायफळ. आपल्याकडे कॉफी म्हणजे हीच, पाहुण्यांना, आजाऱ्याला, बाळंतिणीला. पाकीट हातात घेतलं. छापलंय : कॉफी ५३ टक्के, चिकोरी ४७ टक्के. चिकोरी म्हणजे भाजलेलं मूळ, तिच्यात कॅफिन अजिबात नसतं. म्हणजे पाव चमच्यातला जवळजवळ निम्मा माल भरणा, आणि वर झोप आणणारं जायफळ. सिमेंट कमी, वाळू जास्त, आणि क्यूब टेस्ट नापास झाली म्हणून ओरड मी करतोय.

सुमनला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मग तुमची तुम्ही करा."

१ सप्टेंबर

शुद्ध इन्स्टंट कॉफीची बाटली आणली, चिकोरीशिवायची. सोनाराकडे बसणाऱ्या मित्राच्या काट्यावर सपाट चमचा तोलला : १.९ ग्रॅम. असा चमचा म्हणजे साधारण ६० मिलिग्रॅम कॅफिन. अर्धा कप गरम पाणी, दूध नाही, जायफळ नाही. पोटात जळजळ नको म्हणून आधी एक बिस्किट. औषधासारखी घटाघट प्यायची, चवीचा प्रश्न नाही. चव भयंकर आहे.

१६ सप्टेंबर

दुसरी फेरी : १४ रात्री, चार वेळा दुखलं, तेही २० ते ४० मिनिटं. सलग सहा रात्री सरळ झोप. सातव्या सकाळी उठलो तर खिडकीत उजाडलेलं होतं. फेब्रुवारीनंतर मी उजेड अंथरुणातून पाहिला नव्हता.

तोटा : लघवीला एकदा उठावं लागतं, साडेतीनच्या सुमारास. प्रोस्टेट माझ्या वयाची आहे. हा खर्च मंजूर.

१९ ते २३ सप्टेंबर

गणपती. गावी, वीस माणसं, एक न्हाणीघर. कॉफी सातारलाच राहिली. पहिल्या रात्री २:३०, दुसऱ्या रात्री २:०५. तिसऱ्या दिवशी पुतण्या पाटणला जाऊन बाटली घेऊन आला, तिसरी रात्र शांत गेली. माडीवर झोपलेल्या चुलत्यांनी माझी काळी कॉफी हुंगून विचारलं, हा काढा कशाचा? म्हटलं, डोक्याचा. त्यांनीही अर्धा कप घेतला आणि बिचारे पहाटेपर्यंत जागे.

आरती, जागरण, भजन यात बाराच्या पुढे जागलं तर दुखणंही तेवढंच पुढे सरकतं. ते नीट तपासायला हवं.

२९ ऑक्टोबर, कोजागिरीचा दुसरा दिवस

तपासलं. यंदा कोजागिरीला चंद्रग्रहण, रात्री १:०५ पासून. वेध लागलेले असताना मसाला दूध प्यायचं की नाही यावर सोसायटीत दोन तट. आम्ही गच्चीवर ग्रहण बघत बसलो, चंद्राचा खालचा कोपरा जरा कुरतडल्यासारखा झाला, एवढंच. प्रयोग म्हणून कॉफी घेतली नाही.

सव्वादोनला मी टक्क जागा, घड्याळाकडे बघत. काहीही नाही. हलकीशी चाहूलसुद्धा नाही. ३:०५ ला झोपलो. ६:२० ला दुखून जाग आली. तीन तास पंधरा मिनिटं.

म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाशी याचं काही देणंघेणं नाही, झोप लागली की याचं घड्याळ सुरू होतं. दुपारी वामकुक्षीत का येत नाही याचंही उत्तर मिळालं, मी पाऊण तासाच्या वर दुपारी कधी झोपलोच नाही. काही लोकांना दुपारच्या झोपेतही येतं.

१८ नोव्हेंबर

दिवाळीपासून कॉफी कमी पडू लागली. या महिन्यात १८ पैकी ११ रात्री. डोस तोच, चमचा तोच, बाटली नवी पण कंपनी तीच. दोन चमचे करून पाहिले तर छाती धडधडली. सुमनने बाटली वरच्या फळीवर ठेवली.

रागही आला. पाझर बंद झाला म्हणून वर कळवायचं आणि पावसाळ्यात परत ओल दिसायची, त्यातली गत.

२१ नोव्हेंबर

पुणे. पुढचे तीन रस्ते. इंडोमेथासिन : जोरदार दाहशामक, काहींना छान लागू पडतं, पण पोट, मूत्रपिंड आणि रक्तदाब तिघांवर भार. मेलाटोनिन, म्हणजे झोपेचं संप्रेरक : सौम्य, गुण येईलच असं नाही. लिथियम : १९८८ मध्ये रॅस्किन यांच्या रुग्णांना याचाच गुण आला होता, आजही प्रभावी, पण सांभाळायला कटकटीचं.

कटकट अशी. लिथियमची रक्तातली पातळी हव्या त्या पट्ट्यात ठेवावी लागते, थोडी वर गेली तर विषबाधा. माझ्या बीपीच्या जोडगोळीतली दोन्ही औषधं ती पातळी वाढवतात. गुडघ्यासाठी मी अधूनमधून डायक्लोफेनॅक घेतो, तेही वाढवतं. जेवणातलं मीठ एकदम कमी केलं तरी वाढते. जुलाब, उलट्या, कडक ऊन, घाम, पाणी कमी, सगळ्याने वाढते. मूत्रपिंड आणि थायरॉइड आधी तपासायचे आणि नंतरही तपासत राहायचे.

बाई म्हणाल्या, आधी मेलाटोनिन बघू. तोवर बीपीची गोळी बदलू, ॲम्लोडिपिनवर जाऊ. उतरायची वेळ आली तर रस्ता मोकळा हवा.

११ डिसेंबर

मेलाटोनिन तीन मिलिग्रॅम, १९ रात्री, ११ वेळा दुखलं. स्वप्नं मात्र रंगीत पडली.

आज ११ डिसेंबर. १९६७ साली याच तारखेला पहाटे ४:२१ ला कोयनेचा भूकंप झाला. मी सात वर्षांचा, पाटण तालुक्यात. आईने पोत्यासारखं उचलून बाहेर अंगणात टाकलं, घराचं आढं माझ्या अंथरुणावर पडलं. शेजारच्या काकांनी आज हे कळल्यावर तर्क लढवला : त्या धक्क्यानेच तुम्ही रात्री दचकून उठता. मी ऐकून घेतलं. पण ५५ वर्षं गप्प बसून ५६ व्या वर्षी दुखू लागणारं डोकं मला पटत नाही. आणि ते ४:२१ होतं. हे सव्वादोन. आकडे जुळत नसतील तर गोष्ट कितीही चांगली असली तरी वहीत घ्यायची नाही. (घेतली. पण तर्क म्हणून.)

१४ डिसेंबर

मूत्रपिंडाचं क्रिएटिनिन, थायरॉइडचं टीएसएच ठीक. लिथियम कार्बोनेट ३०० मिलिग्रॅम, रात्री जेवणानंतर, आजपासून.

मेडिकलमधल्या मुलाने चिठ्ठी वाचून माझ्याकडे दोनदा बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "काका, पेशंट कोण?" मी मोठ्याने सांगितलं, मी. हे औषध मुख्यतः मनाच्या आजारात देतात हे त्याला माहीत, मलाही माहीत. रांगेतल्या बाई जरा सरकल्या. घरी आल्यावर सुमनने नातवाच्या फोनची बॅटरी दाखवली, "हेच ना त्यात?" हेच.

फ्रिजवर कागद डकवला : गुडघ्याची गोळी बंद. मीठ नेहमीइतकंच, कमी नाही, जास्त नाही. उपवास बिनमिठाचा नाही. पाणी भरपूर. उलट्या, जुलाब, हात जोरात थरथरणं, चालताना झोक जाणं, जीभ जड होणं, यातलं काही झालं तर गोळी थांबवून लगेच फोन. मिठाचं कलम सुमनला पचलं नाही, बीपीसाठी सात वर्षं ती माझी आमटी अळणी करते. ठरलं की अळणीच ठेवायची, पण रोज तेवढीच अळणी.

२१ डिसेंबर

पातळीसाठी रक्त दिलं. गोळी घेतल्यापासून बरोबर बारा तासांनी द्यायचं असतं. लॅबवाला म्हणाला दुपारी आलात तरी चालेल. चालत नाही. त्याला बारा तासांचं गणित सांगून सकाळी आठलाच हात पुढे केला. निकाल ०.३४. बाई खूश, एवढ्यात भागलं तर वाढवायचं नाही.

सात रात्री, दुखणं एकदा, पहिल्याच रात्री.

१५ जानेवारी २०२४, संक्रांत

३२ रात्री, तीन वेळा. तहान जास्त. डावा हात किंचित थरथरतो, सुईत दोरा ओवायला घेतला तर दिसतं, एरवी नाही. सुमनच्या हळदीकुंकवाच्या वाणाला पिशव्यांवर नावं लिहायचं काम माझ्याकडे असतं, अक्षर पाहून तिने ते नेहावर ढकललं. तिळगूळ देताना शेजारच्या काकांनी सांगितलं, त्यांच्या साडूलाही रात्री डोकं दुखून जाग येते. मी विचारलं किती वाजता. त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या साडूलाही नव्हतं. रकाने आखलेली एक कोरी वही पाठवून दिली.

१० मार्च

साडूची वही परत आली. त्यांचं वेगळंच निघालं, जाग पाच-सहाला, उठल्यावर दिवसभर डोकं जड, दिवसा पेंग, घोरणं माझ्या वरताण. कोणता डॉक्टर ते त्यांच्या घरचे ठरवतील, पण स्लीप स्टडी करा म्हणून सांगितलं.

माझं : फेब्रुवारीत दोनदा. मार्चमध्ये अजून नाही.

२८ मार्च

पुणे. पातळी ०.३१, क्रिएटिनिन तेच, टीएसएच जरा वर पण मर्यादेत. तीन महिने शांत गेले, आता गोळी कमी करून बघायची. आधी अर्धी, मग बंद. काहींचं दुखणं परत येतं, काहींचं येत नाही. परत आलं तर रस्ता माहीत आहे.

९ एप्रिल, पाडवा

अर्ध्या गोळीवर बाराव्या दिवशी एकदा, २० मिनिटं. कडुलिंब खाल्ला, कॉफीपेक्षा बरा लागला.

२२ एप्रिल

गोळी बंद होऊन पाचवी रात्र. झोपलो १०:४०. जाग २:१८.

पडून राहिलो. दोन्ही कानशिलं चाचपली, टाळूवर तळवा ठेवला. बाहेर कुत्रं भुंकत होतं, पंख्याचा तो जुना आवाज येत होता. वाट बघितली. २:३० झाले. सवयीने उठून दिवा लावला आणि वही घेतली.

सुमन कुशीवर वळली. "आलं का?"

"नाही."

"मग काय लिहिताय?"

"आलं नाही ते."

"दिवा बंद करा."